अड्डा निवडण्याचे शहाणपण

घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावण्यासाठी कोणते संकेतस्थळ विश्वासाचे, याविषयीच्या सल्ल्याचा सध्या सुकाळ झाला आहे. परवाना पाहा, बक्षिसी पाहा, जिंकलेले पैसे किती तासांत हाती पडतात ते पाहा, असे हा सल्ला सांगतो. भाजी पारखून घ्यावी तसा अड्डा पारखून घ्यावा, म्हणजे ग्राहकाचे कल्याण झाले, असा त्याचा एकंदर सूर. पैज मुळात लावावी काय, हा प्रश्न मात्र त्यात कोठेच येत नाही. कोथरूडसारख्या भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना नेमका तोच प्रश्न हाती घ्यावा लागणार आहे.

पुण्याचे रेसकोर्स १८३० साली लष्कराच्या जमिनीवर उभे राहिले. पावसाळ्यात शर्यती पुण्यास भरतात, हिवाळ्यात त्या मुंबईच्या महालक्ष्मीला जातात. कोथरूड शहराच्या पश्चिम टोकाला, तर रेसकोर्स पूर्वेस. साठीच्या दशकात किर्लोस्कर कमिन्ससारखे कारखाने कोथरूडला आले आणि त्यांच्या आसऱ्याने कामगारवस्ती वाढली. तेथील माणसाला रेसला जावयाचे तर खाडा करावा लागे, बस धरावी लागे, दारावर तिकीट काढावे लागे. हे अंतर हेच एक कुंपण होते. मोबाइलने ते मोडून टाकले. आता थांब्यावरील रिक्षाचालक आणि रात्रपाळीचा रखवालदार जागचा न हलता, परदेशातील शर्यतीवरदेखील, पगाराचे पैसे उधळू शकतो. घरात ते कळते ते उसनवारी सुरू झाल्यावर.

घोड्यांवरील पैज हा जुगार नव्हे, तो कौशल्याचा खेळ आहे, असा युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो. तमिळनाडूने १९७४ साली शर्यतींवर बंदी घालणारा कायदा केला होता. त्या वादात १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यत ही कौशल्याची बाब ठरविली, हे खरे. परंतु हे कौशल्य कोणाजवळ असते? घोड्याची पैदास करणारा, त्याला तयार करणारा, त्यावर स्वार होणारा आणि तबेल्याची आतली बातमी राखणारा यांच्याजवळ. ज्याने तो घोडा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्या वाट्याला न्यायालयाने मान्य केलेल्या कौशल्यातील काय येते?

शिवाय या व्यवहाराचे गणित उघड आहे. पाच घोडे धावत आहेत आणि बुकीने प्रत्येकाचा भाव एकास तीन ठेवला आहे असे धरू. पाचांवरही प्रत्येकी २५ रुपये लावले तर खर्च १२५ रुपये. कोणताही घोडा जिंको, हाती १०० रुपयेच येतात. उरलेले २५ रुपये हा बुकीचा निश्चित नफा. क्लबच्या टोट यंत्रावरही जमलेल्या रकमेतून कर व कसर आधी कापून उरलेले तेवढेच वाटले जाते. एखादा जिंकतो, लावणारे सगळे मिळून मात्र नेहमी हरतात. शहाणपणाने निवडलेल्या संकेतस्थळावरही हे गणित बदलत नाही.

कायद्याचे संरक्षण म्हणावे तर तेही नाही. राज्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने घोड्यांवरील पैजेस दिलेली सवलत परवानाधारक रेसकोर्स व तेथील व्यवस्थेपुरती आहे. दूरच्या बेटावरील परवान्याला येथे किंमत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेली रक्कम संकेतस्थळाने दाबली, तर ती न्यायालयातून वसूल होणार नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानेही, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

तथापि राज्यकर्त्यांनी नीतीचा आव आणण्याचे कारण नाही. याच राज्याने १९६९ साली स्वतःची सोडत सुरू केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतींच्या पैजेवरील कर २८ वरून ४० टक्के झाला. म्हणजे व्यसन वाढले तर तिजोरी भरते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने घालून दिलेली रीत तर बोलकी आहे. घोडे बाळगणाऱ्या धनिकाला त्या धंद्यातील तोटा पुढील चार वर्षे त्याच धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो. पैज लावणाऱ्याने मात्र जिंकल्यावर ३० टक्के कर भरावयाचा आणि हरल्याचा एक पैसाही वजा मागावयाचा नाही.

केवळ बंदीने हा प्रश्न सुटेल असेही नाही. मुंबईचा मटका बेकायदेशीर असतानाच गिरणगावात फोफावला, कारण अपुऱ्या मजुरीच्या माणसाला एका रात्रीत सुटकेची आशा विकणारा तेथे दुसरा कोणी नव्हता. आज तीच आशा मोबाइलवर विकली जाते. म्हणून अडकलेल्याला हिणवणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. वस्तीच्या बैठकीत पाच घोड्यांचे गणित मांडावे. बँकेतील खाते दुसऱ्याला भाड्याने देऊ नका, हे तरुणांना बजावावे. पैसा फिरविणारा निसटतो आणि खातेदार पकडला जातो. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवून द्यावी. बिनपरवाना सावकार दाराशी आला तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहायक निबंधकाकडे अर्ज करण्यास त्या कुटुंबाबरोबर जावे. पतपेढ्यांनी अडचणीच्या वेळी लहान कर्ज वेळेवर द्यावे, असा आग्रह धरावा.

अड्डा चांगला की वाईट, ही निवड अड्डेवाल्याच्या सोयीची आहे. घामाचा पैसा घरात राहावा आणि मजुरी जगण्यापुरती मिळावी, यासाठीची संघटना ही कष्टकऱ्यांच्या हातातील खरी निवड होय.