झाडावर चढण्याआधी सहीची सोय करा

मे महिना लागला की वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात झाडछाटणी करणाऱ्यांना उसंत नसते. बंगल्यावर झुकलेला सिल्व्हर ओक, तारांवर आलेली निलगिरी, छपरावर लोंबणारी आंब्याची वाळकी फांदी. पाऊस लागण्याआधी प्रत्येकाला सगळे उतरवून हवे असते. या धंद्यातली माणसे दोर तपासतात, मशीनची साखळी तपासतात. पण उद्या मालकच वरून पडला तर सही कोण करणार, याचा विचार फारसा कुणी करत नाही.

हा धंदा बहुधा एकट्याच्या नावावर असतो. बँकेचे खाते, जीएसटी, टेम्पो, सोसायट्यांची वर्षाची कामे, सगळे त्याच्याच सहीवर चालते. पाय मोडून तो घरी बसला की मजुरांचा पगार अडतो आणि केलेल्या कामाचे बिलही अडते. म्हणून हातपाय धड आहेत तोवरच विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा.

पण कोणते करायचे ते नीट ठरवा. टायपिंगच्या दुकानात कुलमुखत्यारपत्राचा तयार मसुदा मिळतो. त्यात पुष्कळदा ‘सर्व स्थावर-जंगम मिळकत विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे’ असे सरसकट लिहिलेले असते. मावळात जमिनीला काय भाव आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. छाटणीच्या धंद्यासाठी दिलेल्या कागदात जमीन विकण्याचा अधिकार असायचे कारणच काय? तुम्हाला खास मुखत्यारपत्र हवे, म्हणजे ठरावीक कामांपुरते.

त्यात कामे एकेक करून लिहा: अमुक खात्यातून अमुक रकमेपर्यंत चेक काढणे, मजुरी देणे, बिले करणे आणि वसूल करणे, परवानगीचे अर्ज देणे, मशीनची दुरुस्ती करणे. कर्ज काढणे, टेम्पो विकणे, जमिनीचा कोणताही व्यवहार करणे ही कामे त्याच्या हाती नाहीत, हेही स्पष्ट लिहा. मुदत घाला. हिशेब कधी दाखवायचा तेही लिहा. १८७२च्या करार कायद्यानुसार मुखत्याराला हिशेब द्यावाच लागतो, आणि तुमच्या संमतीवाचून तो आपले काम सहसा दुसऱ्यावर सोपवू शकत नाही. मात्र दिलेल्या अधिकारात त्याने जे केले, ते तुम्हीच केले असे धरले जाते. म्हणून माणूस नात्यातला आहे एवढेच पाहू नका, हिशेबाला चोख आहे का तेही पाहा.

मुद्रांक किती लागेल ते आधी विचारा. सह्या साक्षीदारांसमोर आणि नोटरीपुढे करा. मग बँकेत जाऊन तो कागद त्यांना चालतो का ते पाहा, कारण बँका पुष्कळदा आपलाच नमुना भरून मागतात. जीएसटीच्या पोर्टलवरही सही करणारा म्हणून त्याचे नाव वेगळे नोंदवावे लागते.

आता उलट बाजू. लोणावळ्याच्या बंगल्याचा मालक पुष्कळदा मुंबईत असतो आणि माळी फोन देतो, “साहेब म्हणाले, तोडा.” तेवढ्यावर कुऱ्हाड उचलू नका. लोणावळा, तळेगाव दाभाडे या नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि झाड तोडायला परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. शहरी हद्दीबाहेर १९६४चा वृक्षतोड कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, साग ही आपल्याकडची नेहमीची झाडे आहेत. तेव्हा मालकाकडून त्या झाडापुरते, त्या अर्जापुरते लेखी अधिकारपत्र घ्या आणि परवानगी हाती आल्यावरच दोर बांधा.

सही करणाऱ्याला अधिकार आहे का, हा प्रश्न वडगावला नवा नाही. जानेवारी १७७९मध्ये मराठ्यांनी इंग्रजांना इथेच कोंडीत पकडले आणि तह लिहून घेतला. पुढे इंग्रजांनी तो मानला नाही. सही करणाऱ्यांना असा तह करण्याचा अधिकारच नव्हता, असे ते म्हणाले. रणात जिंकलेले कागदावर निसटले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून राहिली आहे. मुखत्यारपत्र तुमच्या मृत्यूबरोबर संपते. एवढेच नाही, तर तुमची समजण्या-उमजण्याची शक्ती गेली तरी कायद्याने ते टिकत नाही. पाय मोडला तर ते उपयोगी पडेल, पण डोक्याला मार लागून माणूस कोमात गेला तर ऐन गरजेच्या वेळी त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. त्यामुळे मुखत्यारपत्र केले म्हणजे सगळी सोय झाली, असे समजू नका. घरखर्चाचे बचत खाते पत्नीसोबत संयुक्त करा, ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात’ या अटीवर. प्रत्येक खात्याला वारस नेमणूक लावा. मृत्युपत्र करा. मुलगा किंवा भाऊ धंद्यात उतरला असेल तर भागीदारीचा विचार करा. भागीदार सही करतो ती स्वतःच्या हक्काने.

आणि विश्वास उडाला तर मुखत्यारपत्र लेखी रद्द करा. त्याला कळवा, बँकेला कळवा, गिऱ्हाइकांनाही कळवा. ज्यांना कळले नाही, त्यांच्याशी त्याने केलेला व्यवहार तुमच्या गळ्यात पडू शकतो.

तालुक्याचे न्यायालय वडगावातच आहे, वकील आणि नोटरीही तिथेच भेटतात. छाटणीची घाई सुरू होण्याआधी एक सकाळ मोकळी काढा, घरच्यांना सोबत घ्या आणि कागद वाचून, समजून मगच सही करा.