आउट झालेला पुन्हा आत कसा येतो?



मे महिन्यात दहावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी माझा भाचा बॅग घेऊन जबलपूरहून आमच्याकडे कुंडमला आला. गणितात नापास. घरी बाबांशी बोलणं बंद. आल्या आल्या अंगणातल्या खाटेवर आडवा झाला आणि मोबाइलवर गेम सुरू. मी पाणी घेऊन गेले, तर मान वर न करता म्हणाला, "मावशी, माझा गेम ओव्हर झाला."

तेवढ्यात स्क्रीनवरचा त्याचा खेळाडू मेला आणि काही सेकंदांत पुन्हा उभा राहिला. मी विचारलं, "हा कसा उठला रे?" तो म्हणाला, "गेममध्ये उठतात. खऱ्यात नाही उठत." यावर मला लगेच काही सुचलं नाही. पण मग आठवडाभर आम्ही दोघं याच विषयावर बोलत राहिलो. तोच आज तुमच्यासमोर मांडते.

गेममध्ये तीन 'लाइफ' का असतात, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. १९७८ मध्ये जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, १९८० मध्ये 'पॅक-मॅन'. ही मोठी यंत्रं दुकानांत असायची. नाणं टाकायचं, साधारण तीन वेळा मरायची मुभा, की डाव संपला. कारण सरळ आहे: एकच मुलगा तासभर खेळत बसला, तर दुकानदाराचा गल्ला भरणार कसा? पुढे पडद्यावर 'कंटिन्यू?' असं यायला लागलं आणि शेजारी आकडे उलटे मोजले जायचे. तेवढ्यात दुसरं नाणं टाकलं, तर जिथे मेलात तिथूनच पुढे. म्हणजे तिथे माणसाला जिवंत करायचं ते नाण्यानं.

मग गेम घरात आला. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये नाणं टाकायचं यंत्र नव्हतं, तरी तीन लाइफ तशीच राहिली. शंभर सोन्याची नाणी गोळा केली की एक लाइफ जास्त. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी टीव्हीसमोर बसून हे सोसलं आहे! आणि गंमत बघा, २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'त ही मोजकी लाइफ काढूनच टाकली. आता पडलात, तर दहा नाणी कापतात आणि खेळ पुढे चालू.

फोनवरच्या 'कँडी क्रश'चं तर तुम्हाला सांगायलाच नको. पाच लाइफ. संपली की एकेक परत यायला अर्धा तास. नाहीतर पैसे भरा, नाहीतर मैत्रिणीकडे मागा. मागणाऱ्यांत मीही आहे, कबूल करते.

रविवारी भाच्याचे बाबा आले. चहा घेताना विषय निघालाच. ते म्हणाले, "हीच तर खोड आहे. पुन्हा पुन्हा जिवंत व्हायची सवय लागली, म्हणून पेपर सोडून येताना काही वाटलं नाही." त्यांचं अगदीच चूक आहे, असं मी म्हणणार नाही. १९८० चा 'रोग' नावाचा गेम आहे. त्यात मेलं की सगळं संपलं, मागची कमाई शून्य. असा खेळ खेळताना माणूस एकेक पाऊल जपून टाकतो. फुकट मिळालेल्या जिवाची किंमत राहत नाही, हे खरंच.

पण २०११ च्या 'डार्क सोल्स'नं मधली वाट काढली. त्यात मेलात, तर तुमची कमाई जिथे पडलात तिथेच राहते. पुन्हा उठायला मिळतं, पण ती परत हवी तर त्याच जागी, त्याच शत्रूसमोर जावं लागतं. वाटेत पुन्हा मेलात, की ती कायमची गेली. म्हणजे संधी आहे, पण तिला किंमतही आहे.

आता आपल्या मैदानावर या. कबड्डीचे तीन जुने प्रकार आहेत: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत एकदा बाद झालेला खेळाडू संघाचे सगळे गडी बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये बाद झाला तरी तो आतच राहतो, समोरच्याला फक्त गुण मिळतो. आणि संजीवनीत बाद झालेला पुन्हा जिवंत होतो. आज टीव्हीवर दिसते ती याच पद्धतीची कबड्डी. व्हिडिओ गेमवाल्यांनी केलेले सगळे प्रयोग आपल्या मातीत आधीच होऊन गेलेत की!

पण संजीवनीत जिवंत कसं होतात? नाण्यानं नाही, नुसतं थांबूनही नाही. आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला, की आपला एक जण आत येतो, ज्या क्रमानं बाहेर गेला त्याच क्रमानं. नुसता बोनस गुण मिळवून कोणी जिवंत होत नाही. विषामृतही तसंच. विष लागलेला जागच्या जागी थिजतो आणि कोणीतरी धावत येऊन 'अमृत' म्हणत हात लावल्याशिवाय सुटत नाही. आपल्याकडे बाद झालेल्याला परत आणायचं काम आत असलेल्यांचं असतं.

हे ऐकून भाचा पहिल्यांदा उठून बसला. "मावशी, आमच्या गेममध्येही असंच आहे. स्क्वाडमध्ये नॉक झालं की आपण नुसतं रांगतो. कोणी येऊन रिव्हाइव केलं तरच उभं राहता येतं." मी त्याच्या बाबांकडे पाहिलं. ते कपातला चहा ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली होती.

आमच्या मध्य प्रदेशात २०१६ मध्ये नापास मुलांसाठी 'रुक जाना नहीं' योजना आली. २०२५ पासून मंडळानं पुरवणी परीक्षेच्या जागी दुसरी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. म्हणजे सरकारनं 'कंटिन्यू?' विचारलंय आणि आकडे उलटे मोजले जाताहेत. पण समोर बसून पुस्तक उघडायला लावणारा गडी सरकार कुठून देणार? तो घरातूनच यायला हवा.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाबांनी जुनी प्रश्नपत्रिका मागितली. भाच्यानं ती बॅगेच्या तळातून काढली, चुरगळलेली. "कुठे अडलास ते दाखव," एवढंच ते म्हणाले. त्यानं त्रिकोणमितीच्या प्रश्नावर बोट ठेवलं. जिथे पडला होता, तिथेच. मी दिवा जवळ सरकवला आणि आत निघून गेले.

दुसऱ्या परीक्षेचा निकाल काय लागला, ते मुद्दामच सांगत नाही. सांगायचं होतं ते त्या प्रश्नपत्रिकेपर्यंतच होतं.

तुमच्या घरात सध्या कोण बाहेर बसलंय? नोकरी गेलेला काका असेल, भांडून माहेरी आलेली बहीण असेल, नापास झालेलं पोर असेल. ते आपणहून आत येणार नाहीत, नियमच तसा आहे. आज एकदा हात लावून बघा.

पुन्हा भेटूच!