दाराच्या आतलं पाणी
गाडीच्या दारात पाणी शिरतंच. काचेलगतचं रबर ते पूर्ण अडवत नाही, म्हणून तर दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. तेव्हा घरी दाराचं पॅड उघडून स्पीकर बदलणाऱ्यानं, पत्रा थरथरू नये म्हणून ब्यूटिलची डॅम्पिंग शीट चिकटवणाऱ्यानं ती भोकं बुजवू नयेत आणि पॅडमागचा तो क्षुल्लक दिसणारा प्लास्टिकचा कागद जपावा. तो फाटला की कोकणातल्या पावसात पायाखालचं कार्पेट भिजतं, आणि बोल बिचाऱ्या छताला. ‘मग मेकॅनिककडेच न्या की!’ पण घाईत क्लिपा तोडणारे हात तिथेही असतात. घरी निदान सवड असते. काही गाड्यांत मात्र बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब टिपणारा सेन्सर दारातच असतो. तिथे पोकळी बंदिस्त राहावी लागते, म्हणून नवं भोक पाडायचं नाही, निचऱ्याची भोकं वगळता जुनं उघडं सोडायचं नाही.