डॉक्टर व्हायचंय? मग वर्कशॉपही बघा

वर्ध्यात दहावी झाली की पुढचा प्रश्न ठरलेलाच: 'नीट'चा क्लास इथेच, की नागपूरला? पुढे ओपीडी, ऑपरेशन, नावाची पाटी. पण डॉक्टर वस्तूही बनवू शकतो, हे तुम्हाला क्लासमध्ये कोणी सांगितलंय का?

डॉ. एम. एस. वलियाथन यांनी ती बनवली. लहानपणी घसा दुखतो, उपचार होत नाहीत, त्यातून रुमॅटिक ताप येतो आणि हृदयाची झडप खराब होते. हा गरिबांच्या घरातला आजार, आणि कृत्रिम झडप मात्र परदेशातून यायची, ती परवडायची नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत या हार्ट सर्जनने ठरवलं, झडप इथेच करायची. पहिल्या मॉडेलचा धातूचा दांडा चाचणीत तुटला. दुसऱ्यात धातू झिजला. तिसऱ्यात नीलमण्याची चकती होती, ती मेंढीच्या हृदयात फुटली. चौथ्या वेळी चकतीला कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वापरतात तसलं टणक प्लास्टिक घेतलं. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाला बसली. पुढे एक लाखाहून जास्त बसल्या. तीनदा फेल होऊनही संस्थेने काम बंद केलं नाही, मला तर हेच जास्त भारी वाटतं. आपल्याकडे पहिल्या मॉडेललाच फाइल बंद झाली असती!

आता आपल्या जिल्ह्याकडे या. सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे, सावंगीला दुसरं. सेवाग्रामातच बापूराव देशमुख इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मगनवाडीत एमगिरी आहे. पेशंट, डॉक्टर, लेथ, सगळं काही किलोमीटरच्या आत. मग फायनल इयरचे प्रोजेक्ट इंटरनेटवरून उचललेले का असावेत?

विषय तर समोरच पडलेत. धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. डोस चुकला तर गुठळी, नाहीतर रक्तस्राव. त्यासाठी आयएनआर तपासणी वरचेवर करावी लागते. आर्वी-कारंज्याकडच्या शेतमजुराने त्यासाठी दर वेळी मजुरी बुडवून शहर गाठायचं का? बोटाच्या थेंबावर ही तपासणी करणारी यंत्रं जगात आहेत. आपल्या उपकेंद्रात चालेल असं स्वस्त यंत्र हवं.

मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या प्राचार्यांनी दोन्हीकडच्या पोरांना महिन्यातून एक दुपार वॉर्डात एकत्र बसवावं. सोबत नर्सताईंनाही बोलवा. कोणतं यंत्र कितीदा बंद पडतं, याची यादी त्यांना तोंडपाठ असते.