महसीरचा पर आणि शास्त्राची कात्री

संपादक महाशय,

गतांकात एका सद्गृहस्थांनी, सह्याद्रीच्या ओढ्यांतील महसीर धरून आनुवंशिक परीक्षणासाठी नमुने घेणे ही शास्त्राच्या नावाखाली चाललेली हत्याच होय, अशी जी फिर्याद गुदरली आहे, तिच्यातील कळकळीविषयी आदर बाळगूनही तिच्या तपशिलास हरकत घेणे मला प्राप्त आहे. या परीक्षणास अख्खा मासा लागत नाही. पराचा नखाएवढा तुकडा कापून कडक मद्यार्कात बुडविला, कुपीवर ओढ्याचे नाव व तारीख नोंदली, की ओल्या हातांनी धरलेला मासा प्रवाहात परत जातो आणि पर यथावकाश भरून येतो. (संग्रहालयांतील जुने मासे का वापरू नयेत, ही त्यांची पृच्छा रास्त आहे, परंतु फॉर्मॅलिन आकार राखते आणि डीएनए मोडते.)

राहिला या परीक्षणाच्या उपयोगाचा मुद्दा. दख्खनी महसीरची कृत्रिम पैदास, मासा तो मासा अशा समजुतीने, कावेरीत सोडली गेली आणि तेथला मूळचा कुबडा महसीर मागे हटत गेला. त्याची ‘टॉर रेमादेवी’ ही शास्त्रीय ओळख, डीएनएच्या साक्षीने, २०१८ साली पटली, तोवर तो नष्टप्राय झाला होता.

वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहात मात्र ग्रामस्थांच्या संमतीवाचून जाळे पडू नये, आणि ऐन उन्हाळ्यात, पाणी आटून मासे एकवटले असता, नमुने घेऊच नयेत, या त्या सद्गृहस्थांच्या दोन्ही सूचना मला बिनतक्रार मान्य आहेत.

आपला,
एक वर्गणीदार