आधी भाषा, मग व्याकरण

महाराष्ट्र शासनाने २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. तत्पूर्वी तो पाचवीत सुरू होत असे. शहरातील मुलाला जे मिळते ते खेड्यातील मुलालाही मिळावे, ही त्यामागील भूमिका न्याय्यच होती. पाव शतक लोटल्यावर तिचे फळ भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या डोंगरी तालुक्यांतील मुलांच्या पदरात कितपत पडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

भाटघर व पानशेतच्या जलाशयांकाठी, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी विखुरलेल्या वाड्यावस्त्यांतील शाळा लहान आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल, तर शिक्षक दोन. इयत्ता पाच, विषय अनेक आणि शिकविणारी माणसे दोन! अशा शाळेत सर्वांत दुर्मिळ साधन म्हणजे शिक्षकाचा वेळ होय. जे साधन दुर्मिळ, ते अधिकात अधिक फल देईल तेथे वापरावे, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. इंग्रजीच्या वाट्याला आलेली थोडकी तासिका नामांच्या व्याख्या आणि क्रियापदांची तीन रूपे फळ्यावरून उतरवून घेण्यात खर्ची पडत असेल, तर तो शुद्ध अपव्यय ठरतो.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मागील पिढ्या इंग्रजी शिकल्या, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे; परंतु ते विद्यार्थी मराठी लिहिण्यावाचण्यात तयार झालेले होते. पहिली-दुसरीतील मुलाची गोष्ट निराळी. वेल्ह्यातील सहा वर्षांचे मूल ‘घोड्याला’ म्हणते, ‘घोडाला’ म्हणत नाही. आणि ‘सामान्यरूप’ हा शब्द त्याने ऐकलेलाही नसतो. घरात, अंगणात, भातखाचराच्या बांधावर सहस्रवार कानी पडून तो नियम त्याच्या अंगी मुरलेला असतो. इंग्रजीला अशी सोबत नाही. मोबाइलवरून ऐकू येते ती तुटक. तिला उत्तर देण्याचा प्रसंग मुलावर येत नाही. तेव्हा ती ऐकण्याची व बोलण्याची जागा म्हणजे वर्ग. तेथेही भाषेऐवजी तिचे नियमच मिळाले, तर मुलाने नियम लावावा तरी कशाला?

व्याकरण त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ‘टेबलावर’ या शब्दात ‘वर’ मागून येतो, इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो. मराठीत ‘तो जातो, ती जाते’ असा लिंगभेद आहे, इंग्रजीत दोघांनाही ‘गोज’ चालते. ही तुलना चौथी-पाचवीच्या मुलाला चटकन उमगते. कारण तोवर दोन्ही भाषांतील वाक्ये त्याच्यापाशी जमलेली असतात.

हा वाद केवळ अध्यापनपद्धतीचा राहिलेला नाही. नियम पाठ असूनही मूल एक वाक्य बोलत नाही, हे दिसले की ज्याला परवडते तो पालक त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसवितो. वाडीतील शाळेचा पट घटतो. २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्यासाठी प्रस्ताव मागविले, तेव्हा नंदुरबारमधील तोरणमाळबरोबर पानशेतचाही दाखला देण्यात आला होता. शाळा दूर गेल्यावर ज्यांचे शिक्षण धोक्यात येते, ती मुले गाडीचे भाडे न परवडणाऱ्या घरांतील असतात; त्यातही मुली आधी.

म्हणून पहिली तीन वर्षे इंग्रजी गोष्टी, गाणी, आज्ञा व प्रश्नोत्तरे यांतूनच चालावी. व्याकरणाची लेखी परीक्षा त्या वयात घेऊच नये. आणि शिक्षकाला स्वतः निःसंकोच बोलता येईल असे प्रशिक्षण त्याच्या केंद्रशाळेत, सातत्याने मिळावे. पहिलीपासून इंग्रजीचा आदेश शासनाने काढला. तो पाळण्याजोगे शिक्षकबळ या डोंगरी शाळांना देणे, हेही शासनाचेच दायित्व आहे.