दुखणं लपवू नका, बरं का!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जण कराटेला जातात? पांढरा गणवेश, कमरेला पट्टा, रुबाबच वेगळा! पण पिवळ्या पट्ट्याचा हिरवा होईपर्यंत कधी घोटा मुरगळतो, कधी बोट सुजतं. स्पर्धा जवळ आली असेल तर बरेच जण गप्प बसतात. सर स्पर्धेला नेणार नाहीत, आई क्लास बंद करील, ही भीती! आज त्याबद्दलच बोलू या.

कराटेच्या स्पर्धेत दोन प्रकार असतात. 'कुमिते' म्हणजे दोघांची लढत. तिच्यात ठोसा अडवताना बोट वळतं, गर्रकन फिरताना गुडघा पिळवटतो. 'काता'मध्ये समोर प्रतिस्पर्धी नसतो, ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या असतात. तिथे दुखणं हळूहळू येतं. गुडघे वाकवून तोच पवित्रा पुन्हापुन्हा घेतला, विश्रांती मिळाली नाही, की गुडघे कुरकुरू लागतात.

हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे म्हणजे अस्थिबंध. ते जास्त ताणले की सांधा मुरगळतो. पण तुमच्या शरीरात आणखी एक नाजूक जागा आहे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. तिथेच हाड वाढतं, म्हणून तर तुमची उंची वाढते! हा थर पक्क्या हाडापेक्षा कमकुवत असतो. मोठ्या माणसाचा जिथे नुसता सांधा मुरगळेल, तिथे मुलांच्या या थरालाच इजा होऊ शकते. वेळीच उपचार झाले नाहीत, तर ते हाड आखूड किंवा वाकडं वाढण्याचा धोका असतो. म्हणून 'नुसतं मुरगळलंय' हे आपण नाही, डॉक्टरांनी सांगायचं.

मग लागलं तर काय करायचं? खेळ लगेच थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं धरा. पाय उशीवर उंच ठेवा. आपल्याकडे लगेच तेल लावून चोळायला घेतात ना? पहिले दोन दिवस चोळणं नको, शेकणं नको. पाय टेकवत नसेल, सूज फार असेल किंवा हाड दाबल्यावर दुखत असेल, तर तडक डॉक्टरांकडे!

दुखापत टाळताही येते. आधी अंग मोकळं करा. मूठ वळताना अंगठा बाहेर ठेवा. आत ठेवला तर त्यालाच मार बसतो. हातमोजे आणि नडगीचे पॅड सरावातही घाला.

आणि ताबा शिका. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ रोजी, कुमितेच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी गुणांनी पुढे होता. त्याची लाथ इतक्या जोरात बसली, की इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला अपात्र ठरवलं आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळालं! नुसता जोर कामाचा नाही, तो आवरताही आला पाहिजे.

पालकांनो, मूल 'दुखतंय' म्हणालं तर आधी रागावू नका. रागावलात, तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. आणि मुलांनो, एक स्पर्धा हुकली तर पुढच्या वर्षी दुसरी येईल. गुडघे मात्र हेच दोन, जन्मभर पुरवायचे आहेत. खरं ना?

— तुमच्या बाई